‘ठाऊक नव्हते’ एवढे उत्तर पुरेसे आहे का?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन महिन्यांचे बाळ घेऊन एक तरुण आई बाप्तिस्म्याची नोंद करायला कार्यालयात आली होती. सोबत सासूबाई होत्या. मी नेहमीप्रमाणे बाळाचे नाव, जन्मतारीख, धर्ममाता-धर्मपित्यांची नावे लिहून घेत होतो. उत्तरे सासूबाई देत होत्या आणि बाळही त्यांच्याच मांडीवर होते. बाळ रडू लागले म्हणून त्या बाहेर गेल्या, तेव्हा ती आई पहिल्यांदा बोलली, “फादर, मला काहीच वाटत नाही हो. आतून सगळं सुकून गेलंय.” मी हसून म्हणालो, “अगं, देवाने सोन्यासारखं बाळ दिलंय. जागरणाने होतं असं. रोज रोझरी म्हण, सगळं ठीक होईल.” ती “बरं फादर” म्हणाली. मी रजिस्टर मिटले आणि पुढच्या कामाला लागलो.

तीन आठवड्यांनी एका पहाटे घरच्यांनी तिला विहिरीच्या काठावरून परत आणले. देवाची कृपा, की कुणाला तरी वेळेवर जाग आली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार झाले. आज ती बरी आहे, मूल शाळेत जाते. (आमचे हे बोलणे पापनिवेदनातले नव्हते. तिच्या परवानगीने मी ते लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

बरी झाल्यावर ती मला मुद्दाम भेटायला आली. म्हणाली, “फादर, त्या दिवशी मी तुम्हाला सांगायलाच आले होते.” मी खाली मान घालून म्हणालो, “मला ठाऊक नव्हतं गं, की असा आजार असतो.” ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, “तुम्हाला ठाऊक नव्हतं. गरोदरपणात इतक्या वेळा तपासलं त्या नर्सबाईंना ठाऊक नव्हतं. माझ्या आईला ठाऊक नव्हतं. मग ठाऊक असायला कुणाला हवं होतं?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आज ते आपल्याबरोबर शोधावे असे वाटते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अज्ञानाविषयीचा एक धडा असतो. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातून आलेल्या त्या परंपरेनुसार प्रत्येक अज्ञान माणसाला दोषमुक्त करत नाही. एक अज्ञान असे असते, की कितीही प्रामाणिक प्रयत्न केले तरी ते दूर करणे त्या माणसाच्या हाती नसते. त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. दुसरे अज्ञान थोडे कष्ट घेतले, कुणाला विचारले तर दूर झाले असते, पण आपण ते कष्ट घेतले नाहीत. तेथे दोष कमी होतो, पण पुसला जात नाही. आणि तिसरे अज्ञान माणूस मुद्दाम जोपासतो. कळले तर काही तरी करावे लागेल, म्हणून तो कळूनच घेत नाही. हे तिसरे अज्ञान दोष कमी करण्याऐवजी वाढवते. ज्याच्यावर एखादे काम सोपवलेले आहे, त्याने त्या कामासाठी लागणारे ज्ञान मिळवणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असेही ही परंपरा सांगते.

धडा पुस्तकी वाटेल. पण इतिहासात त्याचे एक जिवंत उदाहरण आहे, आणि तेही बाळंतिणींच्याच बाबतीतले. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४०च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी जास्त. १८४६ साली तेथे शंभरातल्या अकराहून अधिक माता दगावल्या. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आले, की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. १८४८ साली मृत्यूचे प्रमाण शंभरात जेमतेम सव्वावर आले.

आता विचार करा. १८४७ पूर्वी ज्या डॉक्टरांच्या हातून माता मेल्या, ते दोषी होते का? जंतूंचे ज्ञान तेव्हा कुणालाच नव्हते. त्यांना आपण दोष देणार नाही. पण हात धुतल्याने माता वाचतात हे डोळ्यांसमोर दिसल्यावरही ज्यांनी ‘आम्ही प्रतिष्ठित माणसे, आमचे हात अस्वच्छ कसे असतील?’ अशा ताठ्याने ते ऐकून घेतले नाही, त्यांचे काय? हात तेच, रुग्णालय तेच, मरणही तेच. पण ज्ञान हाताशी आल्यावर त्याच कृतीचा नैतिक अर्थ बदलला.

बाळंतिणीच्या मनाच्या आजाराबाबत आज आपण १८४७च्या अलीकडे आहोत की पलीकडे? मला जे कळले आहे त्यावरून आपण केव्हाच पलीकडे गेलो आहोत.

हा आजार कोणता, ते आधी सांगतो. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात पुष्कळ मातांना उगाच रडू येते, मन हळवे होते. दोन आठवड्यांत ते आपोआप निवळते. तो आजार नव्हे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशात आनंद वाटेना, बाळाकडे पाहावेसे वाटेना किंवा उलट बाळाच्या काळजीने जीव सतत टांगणीला लागला, बाळ निजले तरी झोप लागेना, ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’, ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य आहे. ते गरोदरपणातही सुरू होऊ शकते आणि बाळंतपणानंतर वर्षभरात केव्हाही दिसू शकते. याहून वेगळी आणि क्वचित दिसणारी अवस्था म्हणजे बाळंतपणातील मनोविकृती: भास होणे, असंबद्ध बोलणे, भलत्याच समजुती होणे. हजारात एक-दोन मातांना ती होते आणि तेथे तासाभराचाही विलंब न लावता डॉक्टर गाठावा लागतो.

आणि नैराश्य दुर्मीळ नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात वीस हजारांहून अधिक माता होत्या आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण शेकडा २२ निघाले. म्हणजे साधारण पाच मातांमागे एक. आपल्या वेदीसमोर दर महिन्याला किती बाळांचा बाप्तिस्मा होतो ते आठवा आणि हिशेब करा. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ माता नैराश्यात आढळल्या. त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच आजारी होते. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली ही कारणे त्यात ठळक होती. म्हणजे त्या प्रत्येक तपासणीला येत असताना, रक्तदाब आणि वजन लिहून घेतले जात असताना, हे दुःख समोरच बसलेले होते. मी पाहिलेल्या गरोदर मातांच्या नोंदपत्रांत हिमोग्लोबिनचा रकाना होता, मनाचा नव्हता.

कुणी म्हणेल, “फादर, मन ओळखायचे तर मानसोपचारतज्ज्ञ हवा. नर्सबाई, आशाताई काय करणार?” हाच या लेखाचा गाभा आहे.

स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्हस्की यांनी १९८७ साली फक्त दहा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. ती ‘एडिंबरा स्केल’ म्हणून ओळखली जाते. गेल्या सात दिवसांत मन कसे होते, एवढेच ती विचारते. थकवा आणि अंगदुखी यांवर तिचा भर नाही, कारण तान्हे बाळ असलेली कोणती आई थकलेली नसते? शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. यादी भरायला पाच मिनिटे लागतात. गुण जास्त आले म्हणजे आजार पक्का ठरला असे नाही, पण ‘येथे थांबून नीट बघा’ असा तो इशारा असतो. पुढे १९८९ साली त्याच चमूने घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना नीट ऐकून घेण्याचे थोडके शिक्षण दिले आणि नैराश्यातील मातांकडे आठवड्यातून एकदा असे आठ वेळा पाठवले. तीन महिन्यांनंतर अशा २६ मातांपैकी १८ पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. ज्यांना ही भेट मिळाली नाही अशा २४ पैकी ९ बऱ्या झाल्या होत्या.

तो श्रीमंत देश, असे म्हणाल तर पाकिस्तानातील रावळपिंडीजवळची खेडी घ्या. तेथील ‘लेडी हेल्थ वर्कर’ म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या, गावातल्याच, शाळेपर्यंत शिकलेल्या बायका. डॉ. अतीफ रहमान यांनी त्यांच्यासाठी एक कार्यक्रम तयार केला. शिक्षण दोन दिवसांचे, चार महिन्यांनी एक दिवस उजळणी आणि दर महिन्याला अडचणी मांडायला बैठक. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून पुढे दहा महिन्यांपर्यंत त्यांनी मातेला सोळा भेटी द्यायच्या. घरच्यांना ‘तुमची सून वेडी आहे’ असे सांगायचे नाही. ‘बाळ सुदृढ व्हावे म्हणून आई सुदृढ हवी’ असे म्हणून सासू-नवऱ्यालाही सोबत घ्यायचे. ‘मी वाईट आई आहे’ अशा विचाराला हळूच हात घालायचा आणि रोजची एखादी लहानशी जमेल अशी गोष्ट ठरवायची. २००८ साली निष्कर्ष आले. नऊशेवर माता त्यात होत्या. शिकलेल्या सेविका ज्यांच्याकडे गेल्या, त्यांच्यात सहा महिन्यांनी शेकडा २३ अजून नैराश्यात होत्या. इतरांत शेकडा ५३.

यातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. त्या ‘इतर’ मातांकडेही सेविका गेल्या होत्या. तितक्याच वेळा गेल्या होत्या. त्याही त्यांच्यासारख्याच गावातल्या बायका होत्या. फरक एवढाच, की त्यांना ते दोन-तीन दिवसांचे शिक्षण मिळाले नव्हते.

बंधुभगिनींनो, येथे आपल्या एका आवडत्या समजुतीला धक्का बसतो. मन चांगले असले की पुरे, असे आपण मानतो. मीही त्या दिवशी कार्यालयात वाईट मनाने बोललो नव्हतो. मला ती आनंदी व्हायला हवी होती. पण चांगुलपणाला डोळे लागतात, आणि ते डोळे शिकून मिळतात. दयाळू सुईण हात न धुता आली तर तिच्या दयेने ताप टळत नाही.

मग त्या शिक्षणात काय असते? फार अवघड काही नाही. आईला एकटीला भेटायचे, कारण सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर ती खरे बोलणार नाही. ‘बरी आहेस ना?’ असे विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर प्रश्नातच दिलेले असते. ‘झोप कशी लागते? रडू येते का? बाळाबरोबर कसे वाटते?’ असे विचारून गप्प राहायचे. ‘जगू नये असे कधी वाटते का?’ हे स्पष्ट विचारायचे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. घरात मारहाण होते का, याचा कानोसा घ्यायचा. रक्तक्षय, थायरॉइड तपासून घ्यायचे. सौम्य त्रासाला ऐकून घेणे, विश्रांती आणि घरच्यांचा हातभार किती कामी येतो, आणि कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचे, हा फरक ओळखायचा. अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील अशी औषधे आहेत, हे सांगायचे. आणि पाठवल्यावर ती खरोखर गेली का, हे आठवड्याने विचारायचे.

यावर तीन आक्षेप मी ऐकले आहेत आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आपल्या आजीबाईंचा: “आम्ही आठ-आठ बाळंतपणे केली. आम्हाला कुठे होते डिप्रेशन?” यात थोडे सत्य आहे. माहेरचा सव्वा महिना, शेक-शेगडी, तेल लावणारी बाई, डिंकाचे लाडू, भोवती पाच-सहा बायका. ती व्यवस्था म्हणजे बाळंतिणीवर राखलेली नजरच होती. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवरा पहाटेची लोकल पकडतो आणि आई दिवसभर बाळाबरोबर एकटी असते. पण आजीबाईंनो, तुमच्याही काळात ‘तिला बाहेरचे लागले’, ‘तिचा पाय घसरला’ असे म्हणून ज्यांच्याविषयी पुढे कुणी विचारले नाही, अशा एक-दोघी तुम्हालाही आठवत असतील. नाव नव्हते म्हणून आजार नव्हता असे नाही.

दुसरा आक्षेप परिचारिकांचा आहे आणि तो जास्त प्रामाणिक आहे: “विचारून काय उपयोग, फादर? एका पाळीत चाळीस रुग्ण. विचारले आणि ती रडू लागली तर तिला पाठवू कुठे?” खरे आहे. जखम उघडी करून निघून जाणे हेही पाप आहे. म्हणून केवळ प्रश्न विचारायला शिकवणे म्हणजे शिक्षण नव्हे. प्रश्न, ऐकणे आणि पुढची वाट या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. ज्यांच्या हातात रुग्णालयाचा कारभार आहे त्यांनी वेळ, वेगळी जागा आणि तज्ज्ञाशी संपर्क दिला नाही, तर दोष त्या एकट्या नर्सबाईचा नाही. अज्ञान दूर करण्याची जबाबदारी जितकी शिकणाऱ्याची, तितकीच शिकवण्याची सोय करणाऱ्याचीही आहे. पण तज्ज्ञ कमी आहेत म्हणून हातपाय गाळण्याचेही कारण नाही. गोव्यातच २०१४ नंतर रावळपिंडीचा कार्यक्रम गावातल्या साध्या स्त्रियांच्या हाती देऊन पाहिला गेला. तेथे त्यांना ‘सखी’ म्हणत. रावळपिंडीइतका मोठा फरक पडला नाही. तरी सहा महिन्यांनी सखी मिळालेल्या मातांपैकी शेकडा ७३ नैराश्यातून बाहेर आल्या होत्या आणि इतरांपैकी ६०. त्या तेराजणींपैकी एक आपल्या घरातली आहे असे समजा, मग तो आकडा लहान वाटणार नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा: “प्रार्थना असताना गोळ्या कशाला?” एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, ती गोष्ट आठवा. देवदूताने त्याला उपदेश केला नाही की दोष दिला नाही. भाकर आणि पाणी दिले, निजू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाचा मंद वाणीतला शब्द त्यानंतर आला. २००३ साली व्हॅटिकनने नैराश्य या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा आजार आत्म्याचीही परीक्षा असतो, असे म्हटले. परीक्षा म्हणजे शिक्षा नव्हे. जिला देवाची माया जाणवेनाशी झाली आहे, तिला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे सांगणे म्हणजे तिच्या आजारालाच दुजोरा देणे. मी तेच केले होते.

शेवटी चांगल्या शोमरोनी माणसाकडे येतो. या दाखल्यात जखमी माणसाला टाळून जाणारा पहिला माणूस याजक होता, हे मी आता विसरत नाही. पण शोमरोन्याने काय केले तेही नीट पाहा. त्याला कळवळा आला, आणि तेथेच तो थांबला नाही. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधणे त्याला जमत होते. आपल्याला जमणार नाही ते त्याने उतारशाळेच्या रखवालदारावर सोपवले, खर्चाचे पैसे दिले, आणि परत येऊन चौकशी करण्याचा शब्दही दिला. पाहणे, बांधणे, सोपवणे, पुन्हा येणे. बाळंतिणीची काळजी घेणाऱ्यांना जे शिकवायचे ते याहून फार वेगळे नाही.

आपल्या धर्मग्रामात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या भगिनी अनेक आहेत. काही प्रसूतिगृहांत आहेत, काही आशाताई आहेत, काही घरोघर जाऊन बाळंतिणींना तेल लावतात. त्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात थोडा वेळ थांबावे. असे शिक्षण कुणाकडून आणि कसे घेता येईल, हे मिळून ठरवू. तेल लावणाऱ्या मावशींनी तर जरूर यावे. बाळंतीण जे डॉक्टरांना सांगत नाही ते तुम्हाला सांगते. मीही शिकणाऱ्यांत बसणार आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या वेळी यापुढे आईशी पाच मिनिटे वेगळे बोलण्याची सोय असेल. माझ्याशी बोलायला संकोच वाटला तर धर्मभगिनी असतील. तोवर कुणाला गरज भासल्यास, केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

आणि जी आई हे वाचत असेल आणि स्वतःला यात ओळखत असेल, तिला एवढेच सांगतो: बाळ, तुझा काही अपराध नाही, तू वाईट आई नाहीस, आणि हे बरे होते. आज एका माणसाला सांग. त्याने माझ्यासारखे उत्तर दिले, तर दुसऱ्याला सांग.

‘मग ठाऊक असायला कुणाला हवं होतं?’ त्या मुलीचा प्रश्न अजून माझ्या टेबलावर आहे. मला हवे होते, हे माझे उत्तर. आता आपणही हे वाचले आहे. आपल्या घरात, शेजारी, वॉर्डात पुढची बाळंतीण येईल तेव्हा ‘ठाऊक नव्हते’ असे आपल्यापैकी कुणालाच म्हणता येणार नाही.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू